ब्लांश नव्हे, लेओंतीन

फेर्नांला घाई म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. रविवारी सकाळपासून त्याने बायकोला दोन चर्च, एक पडका पूल आणि कबुतरखान्याचा बुरूज दाखवला होता. प्रत्येक ठिकाणी गाडी सावलीत लावायची आणि हात मागे बांधून असं फिरायचं, जणू जागा विकतच घ्यायची आहे. मोरिसेतने तेही चालवून घेतलं. पण गाडी व्हर्नेलच्या गढीकडे वळली तेव्हा तिचं डोकं सणकलं.

"इथे नको म्हटलं होतं मी."

"अगं, ऐंशी वर्षं झाली त्याला! बाग बघू आणि जेवायला जाऊ. मोहरीतला ससा आहे आज, टेबल सांगून ठेवलंय मी."

म्हणे ऐंशी वर्षं! मोरिसेतची मावशी लेओंतीन या गढीत मोलकरीण होती. मालकाच्या मुलाने तिला नासवलं, दिवस राहिले तसं घरातून हाकललं, आणि एकोणिसाव्या वर्षी तिने मागच्या अंगणातल्या विहिरीत उडी घेतली. मोरिसेतची आई नंतर आयुष्यभर या रस्त्याला फिरकली नाही. बाजाराला जायची ती टेकडीला वळसा घालून. फेर्नांला हे सगळं माहीत होतं. सासूच्याच तोंडून ऐकलं होतं त्याने, तिच्याच हातचं जेवताना.

विहिरीपाशी पिसांची टोपी घातलेला गाईड रंगात आला होता. "इथली दासी ब्लांश! सैनिक प्रियकराची वाट बघून बघून तिने इथे जीव दिला. हाक मारा, अजून ओ देते!"

वीसेक माणसं कठड्यावरून वाकली. "ब्लांश! ए ब्लांश!" विहीर घुमली तसे सगळे खिदळले. एका बाईने तर आत हात घालून फोटो काढला.

मोरिसेतच्या अंगाची लाही लाही झाली. मेलेल्या पोरीची थट्टा चालली होती, आणि तीसुद्धा खोट्या नावाने.

"बंद करा हे!" ती ओरडली. "ब्लांश-बिंश कुणी नव्हती इथे. लेओंतीन होती ती, माझ्या आईची सख्खी बहीण! आणि सैनिक कसला डोंबलाचा? या घरच्या मुलाने तिला पोटुशी केली आणि भर थंडीत दाराबाहेर काढली. माझ्या आजोबांनी दोर सोडून वर घेतलं तिला. त्यांच्या मदतीला या घरातलं काळं कुत्रं आलं नाही. हाक मारायचीय ना? मग तिच्या नावाने मारा. आणि हसू नका!"

कठड्यावर वाकलेली माणसं सरळ झाली. मग मोरिसेतच्या पाठीमागून एक टाळी पडली, आणि पाठोपाठ सगळ्या घोळक्याने टाळ्यांचा कडकडाट केला.

"काय काम केलं हो बाईंनी!" एक आजोबा म्हणाले. "मला तर खरंच वाटलं." हल्ली गढ्यांमधून नटनट्या पाहुण्यांत मिसळून नाटकं करतात, त्यांना हेही तसलंच वाटलं होतं.

मोरिसेत मागे वळली. तिच्या मागे फेर्नांशिवाय कुणी उभंच नव्हतं. लालबुंद तोंडाने, कसनुसं हसत तो अजून टाळ्या वाजवत होता.

"चल आता," तो पुटपुटला. "झाली तेवढी शोभा पुरे. टेबल जाईल आपलं."

"जा, जेव."

"आणि तू?"

फाटकातून पुढचा घोळका आत येत होता. मोरिसेत कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

"मला यांनाही सांगायचंय," ती म्हणाली. "तुझ्या टाळ्या तिकडे टेबलापाशी वाजव."