छातीवरचा पट्टा

सकाळी पोरांना उठवण्यावरून कुठल्या घरात भांडण होत नाही? दूरदेशी, बोयाका नावाच्या डोंगराळ मुलखात, एलिएसेर सेलीच्या घरीही ते रोज व्हायचं. फरक एवढाच, की त्याच्या लेकीला, योलिमाला, सायकलवरून घाट चढायला उठायचं असायचं.

"योलिमा! धुकं उठलं, तू अजून पडलेलीच?"

"पपा, पाय जड झालेत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

"चढाला लागलीस की होतील हलके! रोसाल्बा, हिला गुळाचं गरम पाणी दे गं."

रोसाल्बानं लेकीचे बसलेले गाल पाहिले. काही बोलणार तोच बाहेर नवऱ्यानं ट्रकचा भोंगा वाजवला, आणि तिनं पेला पुढं केला.

एलिएसेर गावोगावचं दूध गोळा करायचा. पुढं लेक सायकलवर, मागं बाप ट्रकमध्ये, असा त्यांचा रोजचा घाट. त्या मुलखात सायकल आली की घरात स्वप्नही येतं. दोन महिन्यांवर मोठी शर्यत होती आणि परदेशातला एक संघ तिथून मुली निवडणार होता. बापाला दुसरं काही दिसतच नव्हतं.

क्लबच्या प्रशिक्षक ब्लांकाबाईंनी योलिमाला छातीवर बांधायचा एक पट्टा दिला होता. तो काळजाचे ठोके मोजून फोनवर दाखवायचा. बाईंनी बजावलं होतं, की चढावर मोजा, तसंच रोज सकाळी जमिनीला पाय लावण्याआधीही मोजा. सकाळचं मोजणं एलिएसेरनं आठवड्यातच बंद केलं. "पडल्या पडल्या काळीज मोजून काय कळणार? पडलेल्याला कोण बक्षीस देतं?" असं त्याचं म्हणणं.

चढावरचा आकडा मात्र तो ट्रकमध्ये डोळ्यांत तेल घालून बघायचा. पूर्वी वरच्या वळणावर ठोके एकशे ऐंशीच्या पुढं जात. हल्ली ते दीडशेच्या आसपासच घुटमळायचे. एलिएसेरचं डोकं फिरायचं. मग टपावरच्या कर्ण्यातून अख्ख्या घाटाला ऐकू जाई, "योलिमा! काळीज झोपलंय तुझं! मला फसवशील, यंत्राला कशी फसवशील?"

घोंगड्या पांघरून दारात उभे असलेले लोक हसायचे. "जोर लाव पोरी, बाप बघतोय!"

"पपा, मी सगळा जोर लावतेय," ती धापा टाकत म्हणायची. "तो वर जातच नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही!"

आणि शिक्षा म्हणून रविवारची सुट्टीही गेली. चर्चमधली मिस्सा-प्रार्थना आटोपली की पुन्हा घाट.

एक दिवस ब्लांकाबाई दूध केंद्रावर येऊन थडकल्या. "सुमर्से," त्या मुलखातल्या आदराच्या हाकेनं त्या म्हणाल्या, "सकाळचे आकडे दाखवा बघू."

"सकाळचे सोडा हो, सुमर्से. हे चढावरचे बघा. पोरगी अंग चोरते."

बाईंनी फोन पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अंग चोरत नाही, अंग संपलंय तिचं! ताज्या माणसानं जोर लावला की काळीज धावतं. पार दमलेल्याचं धावत नाही, किती का ओरडा. सकाळी मात्र पडल्या जागी धडधडत असेल. ते तुम्ही विचारलंच नाही. यंत्र खोटं बोलत नाही हे खरं, पण तुम्ही त्याचं अर्धंच ऐकलंत!"

"शर्यत तोंडावर आलीय, बाई."

"जाऊ दे ती शर्यत. सायकल भिंतीला लावा."

"तुमचं काय जातं? तुमची लेक थोडीच आहे ती!"

"नाही. म्हणूनच मला दिसतंय," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शर्यतीच्या दिवशी शेवटचा चढ लागला आणि योलिमा थांबली. पडली नाही, कुठं आपटली नाही. तिनं सायकल कुंपणाला नीट टेकवली आणि गवतात बसली. एलिएसेर ट्रकमधून उडी टाकून धावला.

"ऊठ! त्या पोरी समोरच आहेत! ऊठ की गं!"

"पपा, मी आळस करत नाही," ती एवढंच म्हणाली.

ती पट्टा सोडू पाहत होती, पण बोटांना त्याची कडी निघेना. एलिएसेरनं तिच्या पाठीशी हात घातला, आणि त्याच्या बोटांना बरगड्या लागल्या. एकेक वेगळी. केवढी वाळली होती पोर! रोज डोळ्यांसमोर होती, आणि तो फोनकडे बघत राहिला होता. "देवा, काय केलं मी हे!" भर रस्त्यात तो लहान मुलासारखा रडला.

संघानं दुसऱ्या मुली निवडल्या. योलिमा कित्येक महिने अंथरुणाला खिळून होती. उठल्यावरही चर्चच्या पायऱ्या तिला एका दमात चढवत नसत. पुढच्या वर्षी तिनं सायकल काढली आणि पहिल्याच वळणावरून परत आणली. "काहींचं परत येतं, काहींचं नाही," ब्लांकाबाई म्हणाल्या. बोलताना त्यांचेही डोळे भरले होते.

आता एलिएसेर दूध घालायला येणाऱ्या प्रत्येक बापाला अडवून सांगतो, "यंत्र बांधा, जरूर बांधा. पण ते थांब म्हणालं, तर थांबा. आणि त्याच्याही आधी पोराला विचारा." वाचकहो, आपल्या घरी पट्टा नसेल, गुणपत्रिका असेल, वजनकाटा असेल. आकड्यावर नजर ठेवून आपणही लेकराचं 'दमलो' हे बोलणं बहाणा समजतो. आकडा माणसाला जपण्यासाठी असतो, हाकण्यासाठी नाही. मूल दमलो म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा.

एलिएसेर अजूनही रोज सकाळी योलिमाच्या खाटेपाशी पट्टा घेऊन जातो. पडल्या जागी तिचे ठोके आता संथ पडतात, शर्यतीला निघालेल्या ताज्यातवान्या मुलीचे पडावेत तसे.

"आता कशाला, पपा?" ती विचारते.

"असू दे गं," तो म्हणतो. "तेव्हा विचारलं नव्हतं."