दोघींत एक ट्यूब

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीचा चेहरा लोकांना फार जवळून दिसतो, हे ठकूला नोकरी धरताना कुणी सांगितलं नव्हतं. फ्रेम नाकावर बसवायची, काड्या कानामागे नीट वळल्यात का बघायचं, बुबुळासमोर काचेवर बारीक खूण करायची, आणि हे सगळं वीतभर अंतरावरून. त्यातून नवा चष्मा डोळ्यांवर चढला, की इतके दिवस धुक्यात वावरणाऱ्या माणसाला जगातली पहिली लख्ख गोष्ट दिसायची ती म्हणजे ठकूचं तोंड.

आणि ठकूच्या तोंडावर मुरमं होती. वयात आलं की येतात, वय सरलं की जातात, असं सगळे म्हणायचे. ठकूचं ते वय कधीच सरलं होतं, पण मुरमं काही हलली नव्हती. उलट हनुवटीवर आणि दोन्ही गालांवर बिऱ्हाड थाटून बसली होती. एकदा एका बाईंनी नवा चष्मा लावला, ठकूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई!" काच किती स्वच्छ आहे, या कौतुकानंही म्हणाल्या असतील. पण ठकूनं तो शब्द घरी नेला आणि उशीखाली ठेवला.

दुकानाचे मालक म्हणजे भला माणूस. सगळे त्यांना काका म्हणत. तिचं मान खाली घालून वावरणं त्यांच्या लक्षात आलं होतं. एक दिवस ते चाचरत म्हणाले, "आतल्या खोलीत काचा घासायच्या मशीनवर माणूस हवाच आहे बघ. तिथे शांतताही असते. तुला बरं वाटेल." त्यांनी मायेनंच म्हटलं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. ठकू निमूटपणे आत गेली.

हे आईला कळलं आणि तिचं डोकं फिरलं. ठकूची आई गाडी चालवायला शिकवायची. घाबरट माणसांना भर रहदारीत नेऊन सुखरूप परत आणणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे कुणी घाबरून मागे सरलं की तिला राहवायचंच नाही. तिनं त्या दिवसाचे सगळे विद्यार्थी पुढे ढकलले आणि ठकूला शेजारी बसवून तडक कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी ठकूचा चेहरा दिव्याखाली पाहिला आणि एक छोटी ट्यूब लिहून दिली.

"हे रेटिनॉइड आहे. नुसत्या मुरमावर ठिपका द्यायचा नाही, सगळ्या चेहऱ्यावर पातळ थर द्यायचा. रात्री तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, आणि वाटाण्याएवढंच घ्यायचं. डोळ्यांचे, ओठांचे, नाकाचे कोपरे सोडायचे. सुरुवातीला एक दिवसाआड. वर साधं मॉइश्चरायझर. आणि दिवसा सनस्क्रीन लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही." मग त्यांनी लग्न, बाळ यांचा काही विचार आहे का तेही विचारून घेतलं, कारण तसं असेल तर हे औषध चालत नाही. ठकू म्हणाली, "छे हो!" आणि आईनं खिडकीबाहेर पाहिलं.

"आणखी एक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिले काही आठवडे बिघडल्यासारखं वाटेल. आत दबा धरून बसलेली मुरमं एकदम बाहेर येतात. धीर सोडायचा नाही. खरा फरक दिसायला तीन महिने जातात."

धीर सोडायचा नाही हे ऐकायला सोपं असतं. पहिल्या आठवड्यात ठकूला नुसती धग जाणवली. मग नाकाच्या बाजूंनी पापुद्रे सुटायला लागले. आणि तिसऱ्या आठवड्यात हनुवटीवर अशी काही फौज उतरली, की आरशात बघून तिनं दिवाच बंद केला. चेहरा इतका ताठ व्हायचा की जांभई देताना कातडी उसवेल असं वाटायचं.

आई मात्र रोज जेवणं उरकली की दारात उभी. "लावलंस?"

"लावते."

"कोरडं झालं का तोंड? वाटाण्याएवढंच घे. कपाळ राहिलं बघ. अगं, जरा हळू, भांडं घासल्यासारखं काय घासतेस?"

विद्यार्थ्यांना गाडी शिकवताना ती असंच बोलायची, हे ठकूला माहीत होतं. त्यांच्यासाठी ते ठीक होतं. त्यांना शेवटी लायसन्स मिळायचं. एके दिवशी आईनं नेहमीसारखं "लावलंस?" विचारलं आणि ठकूचा बांध फुटला.

"नाही लावलं! आणि लावणारही नाही. होतं त्यापेक्षा वाईट झालंय. तुला काय जातंय लाव-लाव म्हणायला? तुझ्या तोंडाला लावून बघ एकदा, मग कळेल किती जळजळतं ते!"

आई काही बोलली नाही. आईनं काही न बोलणं ही त्या घरात इतकी नवलाची गोष्ट होती, की बाहेर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बाबांनीही मान वर केली. ठकूनं ट्यूब बाथरूमच्या कपाटात भिरकावली आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

पुढे बरेच दिवस तिनं त्या ट्यूबला हात लावला नाही. दुकानात आतल्या खोलीत मशीनचा घर्रर्र आवाज ऐकत ती काचा घासायची. बाहेर काका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना "दिसतंय का? नाही? आता?" करत राहायचे, आणि तिला आतून कळायचं की नाकाच्या पट्ट्या वाकड्या बसल्यात, त्यांना एवढंही जमत नाही. उठून जावं आणि स्वतः बसवून द्यावं असं हात शिवशिवून सांगायचे. पण पाय उठायचे नाहीत.

असंच एकदा राहवेना, तेव्हा घरी येऊन तिनं ठरवलं की पुन्हा एकदा सुरू करून बघू. कपाट उघडून ट्यूब काढली. ट्यूब शेपटीकडून चपटी झाली होती, आणि कुणीतरी ती व्यवस्थित गुंडाळत आणली होती. ठकू ट्यूब कायम मधूनच दाबायची. त्यावरून बोलणीही खायची.

तिनं आधी बाबांना धरलं. "बाबा, दाढी झाल्यावर तुम्ही माझं औषध लावता का?"

बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. त्यांच्या हाताला ग्रीस सोडून दुसरं काही लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "मला तर वाटलं ही टूथपेस्ट आहे. बरं झालं, अक्षरं बारीक होती म्हणून वाचायला चष्मा शोधत बसलो, नाहीतर ब्रशवरच घेतली असती."

इतक्यात आई कामावरून आली. दारातच तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला, आणि ठकू बघतच राहिली. गाडीत खिडकीकडे असायचा तो आईचा गाल टोमॅटोसारखा लाल झाला होता. दुसरा गाल नेहमीचा. नाकाच्या कडेला पांढरे पापुद्रे. अगदी ओळखीचे पापुद्रे.

"आई, हे काय झालंय?"

"ऊन गं. दिवसभर गाडीत बसायचं म्हणजे ऊन लागणारच."

"इतकी वर्षं नाही लागलं ते?"

"यंदाचं ऊन वेगळंच आहे बाई," असं म्हणत आई स्वयंपाकघराकडे सटकली. ठकू ट्यूब घेऊन मागोमाग गेली आणि ओट्यावर तिच्यासमोर ठेवली. आईनं नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"तूच म्हणालीस ना," ती शेवटी म्हणाली, "तुझ्या तोंडाला लावून बघ म्हणून."

"अगं, ते मी रागानं म्हणाले होते!"

"रागानं म्हण नाहीतर कशानंही. बरोबर म्हणालीस. मला काय ठाऊक होतं काय होतं ते? नुसती दारात उभी राहून हुकूम सोडत होते. म्हटलं, बघू तरी पोरगी काय सोसतेय."

"आणि रोज लावलंस? मलासुद्धा एक दिवसाआड सांगितलं होतं!"

"रोजच लावलं. जरा जास्तीच घेतलं. लवकर कळावं म्हणून."

ठकूला हसावं की रडावं कळेना. "सनस्क्रीन?"

"ते राहिलंच," आई म्हणाली. "आज एक विद्यार्थी सिग्नलला थांबला होता. हिरवा लागला तरी हलेना. वळून म्हटलं, चला की हो. तर म्हणतो, मॅडम, तुमच्याकडे बघून वाटलं अजून लालच आहे."

आता मात्र ठकू खो-खो हसत सुटली. बाहेरून बाबांचंही हसू ऐकू आलं. आईनं लटक्या रागानं फडकं उगारलं, पण हसताना तिचा तो लाल गाल ताणला गेला आणि ती "आई गं" म्हणून कळवळली. ठकूनं फ्रीजमधलं पाणी काढलं, स्वच्छ कापड भिजवून पिळलं आणि तिला खुर्चीवर बसवून गालावर धरलं.

"जळजळतं गं खरंच," कापडाआडून आई म्हणाली. "मी उगाच तुझ्या मागे लागत होते."

इतक्या जवळून ठकूनं आईचा चेहरा कधी पाहिला नव्हता. दुकानात दिवसाकाठी कितीतरी परके चेहरे ती वीतभर अंतरावरून बघायची, आणि आईचा राहून गेला होता. जबड्याच्या कडेला, कानापर्यंत, बारीक बारीक खळगे होते. जुने, बुजलेले.

"तुलाही होती?"

"होती म्हणजे? तुझ्या दुप्पट. मला कोण नेणार डॉक्टरकडे? कुणी म्हणालं टूथपेस्ट लाव, कुणी म्हणालं तोंड दहादा धू. घासून घासून सालटी काढली मी. मग केस असे पुढे घेऊन बसायची. कुणी हाक मारली तरी या बाजूनं वळायचंच नाही. वळायची सवय गाडीनं लावली. आरसे तिन्ही बाजूंना असतात, कुठे लपणार?" तिनं कापड गालावर जरा दाबून धरलं. "काकांनी तुला आत बसवलं म्हणालीस, तेव्हा मला माझंच ते केस पुढे घेऊन बसणं आठवलं. माझी जी वर्षं गेली ती गेली. तुझी नकोत जायला. म्हणून घाई करत होते."

ठकूनं कापडाची घडी उलटून थंड बाजू गालावर धरली. मग आईच्या कपाळावरचे केस मागे सारले.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरबाईंसमोर हजर झाल्या. डॉक्टरबाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "यातला माझा पेशंट कोण?"

सगळं ऐकून त्या आधी पोटभर हसल्या आणि मग आईला चांगलंच फैलावर घेतलं. औषध म्हणजे घरचा साबण नव्हे, येता-जाता सगळ्यांनी लावायला. आईनं गाल पूर्ण बरा होईपर्यंत काहीही लावायचं नाही, साधं मॉइश्चरायझर सोडून. ठकूनं मात्र पुन्हा सुरू करायचं, आधी मॉइश्चरायझर, मग ट्यूब, मग पुन्हा मॉइश्चरायझर, म्हणजे धग कमी लागेल.

आईनं खाली मान घालून सगळं ऐकलं. उठता उठता मात्र हळूच विचारलं, "डॉक्टर, पण डोळ्यांजवळच्या सुरकुत्या जरा कमी झाल्यासारख्या वाटल्या हो. भास असेल का?"

"इतक्या लवकर? भासच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण वर्षभर नीट लावलंत तर खरंही होईल. गाल बरा झाला की या. तुमची वेगळी, सौम्य ट्यूब देईन." आईनं ठकूकडे असं पाहिलं, जणू परीक्षेत पहिला नंबर आलाय.

ठकूनं पुन्हा सुरू केलं. पापुद्रे निघतच होते, हनुवटी अजून धुमसत होती. पण त्याच आठवड्यात बाहेर काका एका निवृत्त मास्तरांच्या नाकाशी झटापट करताना तिनं ऐकलं, आणि यावेळी पाय आपसूक उठले. "काका, सरका जरा," म्हणत तिनं फ्रेम हातात घेतली. नाकाच्या पट्ट्या बोटानं किंचित आत घेतल्या, एक काडी गरम करून वळवली आणि चष्मा मास्तरांच्या डोळ्यांवर चढवला.

मास्तरांनी डोळे मिचकावले. मग रोखून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ठकूनं तोंड फिरवलं नाही.

"पोरी," मास्तर म्हणाले, "तुझ्यामागचं ते घड्याळ बंद पडलंय."

तिनं वळून पाहिलं. खरंच पडलं होतं. काकांनाही पत्ता नव्हता. त्या दिवसानंतर काचा घासायच्या मशीनवर काका बसायला लागले, आणि दोघांचंही बरं चाललं.

चेहरा मग सावकाश निवळत गेला. कधी निवळला ते नेमकं सांगता यायचं नाही. एक दिवस तोंड धुताना बोटांना काही लागलं नाही, एवढंच. दोन-चार डाग राहिले, अधूनमधून एखादं मुरूम डोकं वर काढायचं आणि आल्या वाटेनं जायचं. आईचे जुने खळगे काही बुजले नाहीत. ते बुजायचेही नव्हते, डॉक्टरबाईंनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. पण तिची स्वतःची सौम्य ट्यूब आता आरशासमोर ठकूच्या ट्यूबशेजारी उभी असायची, आणि जेवणं झाली की दोघी खांद्याला खांदा लावून तिथे उभ्या राहायच्या. कोपरं एकमेकींना लागायची. बाबा दारात ताटकळायचे. "दात घासायचेत मला. होणार आहे का आज?"

आईची मिजास मात्र वाढली ती वाढलीच. नवा विद्यार्थी गाडीत बसला की पट्टा लावायच्या आधी ती विचारायची, सनस्क्रीन लावलंय का. परवा तर मावशीचा फोन आला, तेव्हा ठकू भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"नाही, नाही, असं कुणाची ट्यूब उचलून तोंडाला फासायची नसते," आई ठणकावून सांगत होती. "डॉक्टरला विचारल्याशिवाय हातसुद्धा लावू नकोस. लोक फार बेजबाबदार असतात बाई." पलीकडून मावशी काहीतरी म्हणाली असावी. आई खुलली. "हो? तुला फोटोत पण कळलं? अगं, कातडी खरंच नितळ झालीये."

ठकूनं मान वर केली.

"माझी नव्हे गं," आई फोनमध्ये म्हणाली, "पोरीची म्हणतेय मी." आणि मग आवाज जरा उतरवून, भिंतीकडे तोंड करून, "हं, माझी पण थोडीफार."