मेजाच्या आड आलेला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा बिल्ला आहे, कोटाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. चर्चच्या दाराशी काचेच्या पेटीत मला ठेवलंय आणि खाली पाटी लावलीय, ‘पूर्वजांच्या शिस्तीची खूण’. तुमच्या शाळेची सहल येते, बाई ती पाटी मोठ्यानं वाचतात, तुम्ही वहीत उतरवून घेता आणि मी आत बसून जळफळत असतो. खोडून टाका ते. मी काय होतो ते मीच सांगतो.

एका फुटक्या नळापासून मी झालो. लोहारानं नळाचे तुकडे वितळवून साच्यात ओतले आणि आम्ही दोनशे भावंडं टपाटप बाहेर पडलो. एका अंगावर प्रभू येशूचं मेज, दुसऱ्या अंगावर देवाच्या दहा आज्ञांची पाटी. नवा होतो तेव्हा चांदीसारखा चमकायचो. आपण फार मोठ्या कामाचे, असं वाटायचं मला. वय लहान होतं.

काम असं होतं. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मेजाशी येऊन पाव वाटून खायचा. त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी बाजूच्या खोलीत चर्चचे पंच बसायचे. एकेक माणूस आत यायचा, दहा आज्ञा म्हणून दाखवायचा. मग पंच विचारायचे, ‘पाळल्या का?’ माणूस म्हणायचा, ‘पाळल्या.’ की मी त्याच्या हातात. रविवारी ज्याच्याजवळ बिल्ला, त्याला मेजाशी जागा. ज्याच्याजवळ नाही, त्याला शेवटचं बाक.

खाटीक ‘पाळल्या’ म्हणायचा, आणि त्याच्या तराजूचं एक पारडं वर्षानुवर्षं लंगडं. दोघी जावा ‘पाळल्या’ म्हणायच्या, आणि अकरा वर्षं एकमेकींशी शब्द नाही. त्या सगळ्यांच्या घामट तळव्यांतून मी फिरलो. शिसं मऊ असतं, नखानंसुद्धा ओरखडा उठतो. पण त्याला जीभ नसते, हेच तर दुखणं.

आमची पिशवी घड्याळजीकडे असे. तो मुख्य पंच. भांग सरळ, चाल सरळ, सगळं काट्यावर. आमच्यातले एक-दोन बिल्ले तो पुढे पुढे कायम जाकिटाच्या खिशात ठेवू लागला. त्यातला एक मी. म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी त्याचा सख्खा काका दुकानात आला. इतका प्यायलेला की शब्द एकमेकांवर कोसळत होते.

‘आजचा दिवस राहू दे रे.’

‘काका, दुकान बंद करतोय. लेकीकडे जा.’ आणि त्यानं दार ओढून घेतलं.

लेक म्हणजे पलीकडच्या गल्लीतली बेकरीवाली. लहानपणापासून तिनं बापाचं पिणं आणि आईवर उगारलेला त्याचा हात पाहिला होता. आईला तिनं केव्हाच आपल्या घरी आणलं होतं. तिनंही दार उघडलं नाही. सकाळी तो तिच्याच पायरीवर काकडलेला सापडला आणि आठव्या दिवशी इस्पितळात वारला.

त्यानंतरच्या शनिवारी ती पंचांसमोर उभी राहिली. दहाही आज्ञा न अडखळता म्हटल्या.

‘पाळल्या का?’ घड्याळजीनं विचारलं.

‘नाही.’

इतक्या वर्षांत असं उत्तर त्या खोलीनं ऐकलं नव्हतं. ‘नाही म्हणजे?’

‘आईबापांचा मान राख, ती मोडली. दादा, तुला माहीतच आहे.’

‘मग बिल्ला नाही. नियम म्हणजे नियम.’

मी त्याच्या काळजापासून चार बोटांवर होतो, मित्रांनो. ओरडता आलं असतं तर खिडक्यांच्या काचा फुटल्या असत्या. खोटं बोलणारे सगळे आत आणि खरं बोलणारी एकटी बाहेर!

याहून संतापाची गोष्ट पुढेच आहे. मेजावरचा पाव तिच्याच भट्टीतून यायचा आणि तो येतच राहिला. तिचा पाव चालत होता, ती चालत नव्हती. दोन वर्षं दर प्रभुभोजनाला ती स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला पाव मेजावर ठेवायची आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, सांगायचे, माणसाचं तारण देवाच्या कृपेनं होतं, कुणाच्या कर्तबगारीनं नाही. मंडळी माना डोलवायची. आणि त्या कृपेच्या दाराशी पहारेकरी कोण, तर मी.

मग तिच्या आईचे पाय सुजले, श्वास अडखळू लागला. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. म्हातारीला एकच हवं होतं. लेकीच्या शेजारी बसून एकदा प्रभुभोजन घ्यायचं. शनिवारी घड्याळजी म्हातारीचा बिल्ला द्यायला घरी आला. खाली भट्टी, वर दोन खोल्या, उशीवरसुद्धा पिठाची पूड. त्यानं खिशातून मला काढलं.

‘काकू, तुम्हाला काय विचारायचं? हा घ्या.’

‘आणि हिचा?’

‘माझे हात बांधलेत, काकू.’

‘कुणी बांधले? सोड की मग.’

बेकरीवाली मध्ये पडली. ‘आई, राहू दे. मोडली ती मोडली. चालतंय, असं म्हणून मला कुणी आत घ्यायला नको.’

‘तू गप गं.’ म्हातारीनं श्वास घेतला. ‘अरे, मूल आधी जन्मतं, पोटभर जेवतं, मग आपण त्याला कामं सांगतो. कामं केलीस तरच लेकरू म्हणेन, असं म्हणणाऱ्या आईला तू काय म्हणशील?’

‘पण आज्ञा देवाच्याच आहेत ना, काकू?’

‘आहेतच. मी कुठं नको म्हणतेय? घरातल्या लेकरांनी वागावं कसं, ते सांगायला आहेत. दाराला कडी म्हणून नाहीत.’ मग तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. ‘हिचा बाप त्या संध्याकाळी आधी तुझ्या दुकानात आला होता.’

मी अजून त्याच्या हातात होतो. तो हात एकदम ओला झाला.

‘दादा?’ बेकरीवाली म्हणाली.

‘इस्पितळात त्यानंच सांगितलं मला,’ म्हातारी म्हणाली. ‘दोन वर्षं गप्प राहिले. म्हटलं, येईल आपल्या पायानं. तू आपला पाळल्या, पाळल्या म्हणत राहिलास.’

त्यानं मला चादरीवर ठेवलं आणि जिना उतरून गेला. टोपी तिथंच विसरला.

रविवारी मंडळीतल्या दोघा जणांनी म्हातारीला खुर्चीसकट उचलून मेजाशी आणलं. मी तिच्या मुठीत. तिच्या बाजूची जागा रिकामी. घड्याळजी जन्मात पहिल्यांदा उशिरा आला. सरळ पुढं जाऊन त्यानं आमची पिशवी पाळकांसमोर ठेवली.

‘मी पाळल्या नाहीत. काकाला आधी मी हाकललं.’

आणि तो शेवटच्या बाकावर बेकरीवालीशेजारी जाऊन बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहरा भट्टीसारखा लाल. मला वाटलं, आता मुस्कटात देणार. खोटं कशाला सांगू, दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

‘दोन वर्षं, दादा,’ ती म्हणाली. मग उठली आणि त्याची बाही धरली. ‘चल. आई खोळंबलीय.’

दोघं बिनबिल्ल्याचे मेजाशी आले. पाळकांनी पिशवीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पाव मोडला. म्हातारीनं लेकीचा हात धरायला मूठ उघडली. मी खाली पडून घरंगळत मेजाखाली गेलो. कुणीही वाकलं नाही. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक क्षण मी कुणाच्या आड आलो नाही.

सगळं गोड झालं, असं समजू नका. गुरुवारी म्हातारी गेली. त्याआधी सोमवारीच पंच बसले होते. घड्याळजीला काढलं आणि पिशवी दिली कुणाला, तर खाटकाला! आणखी नऊ वर्षं ‘पाळल्या का?’ चाललं. झाडणाऱ्या बाईनं मला उचलून खणात टाकलं, तिथून मी काचेत आलो. पाव मात्र शेवटपर्यंत बेकरीवालीचाच. खाटकापुढेही ती दर वेळी ‘नाही’च म्हणाली.

म्हाताऱ्या वस्तू तुमच्याकडे जपणुकीची भीक मागतात. मी मागत नाही. मला उद्या वितळवलंत तरी चालेल. जपायचंच असेल तर मेजाशी एक खुर्ची रिकामी जपा. मान खाली घालून कुणी खरं ‘नाही’ म्हणालं, तर त्याला उभं ठेवू नका. आधी बसवा. जेवू द्या.