पाचवी पिन

अनेस्तिस कुर्तिदिसला तळाबद्दल काहीही विचारा, उत्तर जिभेवर तयार असायचं. धावपट्टी पहिल्यांदा बांधली तेव्हा सिमेंट कमी पडून शेवटचा तुकडा दोन वर्षं मातीचाच कसा राहिला, अमेरिकनांनी देऊन टाकलेल्या पहिल्या विमानांच्या सूचना वाचता याव्यात म्हणून मेकॅनिकांना गावच्या शाळामास्तरांकडे इंग्रजी शिकायला कसं बसवलं, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सायप्रसवरून युद्ध पेटणार अशी हवा होती तेव्हा सगळा तळ तीन आठवडे विमानांच्या पंखांखाली कसा झोपला, हे सगळं तो आपल्याच घरातल्या भानगडी सांगाव्यात तसं सांगत असे. तीस वर्षं त्यानं या तळावर विमानं दुरुस्त केली होती, आणि निवृत्त झाल्यावरही तारेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर पालिओमिलोस गावातच तो राहिला होता. म्हणून तळाला सत्तर वर्षं झाल्याचं पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा कॅप्टन रोदी नावाची तरुण अधिकारी थेट त्याच्याच दारात आली.

"काका, तुम्ही लिहा," ती म्हणाली. "आम्ही लिहिलं तर अहवाल होईल."

"आणि मी लिहिलं तर गप्पा होतील."

"गप्पाच हव्यात. फक्त आठ नोव्हेंबरच्या आत."

आठ नोव्हेंबर हा देवदूतांचा सण. ते वायुदलाचे रक्षणकर्ते, म्हणून त्या दिवशी तळावर प्रार्थना व्हायची, मेलेल्या वैमानिकांची नावं पुकारली जायची, आणि प्रत्येक नावाला जमलेले सगळे एका आवाजात "हजर!" म्हणायचे. नंतर अनेस्तिस उठून दोन मिनिटं फोक्यॉन वर्दालासबद्दल बोलायचा. हे त्याच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं काम होतं.

सप्टेंबरात त्यानं लिहायला घेतलं आणि मोठ्या मजेत लिहिलं. तळाचं काम काय, हे त्यानं एका पानात सांगून टाकलं : दोन विमानं कायम तयार उभी, वैमानिक शेजारच्या खोलीत बूट न काढता बसलेले, आणि भोंगा वाजला की पाच मिनिटांच्या आत ती जोडी आकाशात, इजियन समुद्रावर कोण आलंय ते बघायला. बाकीचा सगळा तळ, त्यातले स्वयंपाकी, कारकून आणि कमांडरसुद्धा, त्या पाच मिनिटांसाठी आहे, असं त्यानं लिहिलं, आणि ते वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं.

ऑक्टोबरात तो एकोणऐंशी सालापाशी येऊन थांबला.

त्या सालाबद्दल गावाला जे माहीत होतं ते असं. भोंगा वाजला, जोडी निघाली, आणि दुसऱ्या विमानाचं इंजिन उडताक्षणी बंद पडलं. खाली गाव होतं. चोवीस वर्षांच्या फोक्यॉननं खुर्चीसकट बाहेर उडी घेतली असती तर तो वाचला असता, पण विमान घरांवर कोसळलं असतं. म्हणून तो आत बसून राहिला आणि विमान गावापलीकडच्या कापसाच्या शेतात नेऊन तिथं मेला. चौकशी समितीनं तसंच लिहिलं होतं. शाळेला त्याचं नाव होतं.

अनेस्तिसला आणखी एक गोष्ट माहीत होती. बाहेर फेकणारी ती खुर्ची जमिनीवर चुकून सुटू नये म्हणून तिच्यात पाच पिना अडकवलेल्या असत, प्रत्येकीला लाल फीत. वैमानिकाला पट्ट्यांनी बांधून झालं की शिडीवरचा मेकॅनिक त्या पाचही उपसायचा आणि एका मुठीत धरून वैमानिकाच्या डोळ्यांसमोर उंच करायचा. वैमानिक फिती मोजायचा आणि तितकी बोटं दाखवायचा, हाताची मागची बाजू मेकॅनिककडे करून. कारण त्यांच्याकडे उघडा पंजा कुणाच्या तोंडासमोर धरणं म्हणजे आईवरून शिवी दिल्यासारखंच. मग मेकॅनिक "ठीक" अशी खूण करायचा आणि शिडी काढायचा. त्या सकाळी विमान दिसेनासं झाल्यावर अनेस्तिसनं मूठ उघडली, तर पिना चारच होत्या. पाचवी, वैमानिकाच्या डोक्यामागची, त्याचा हात पोचत नाही तिथली, खुर्चीतच राहिली होती. फोक्यॉनला उडी मारायची असती तरी मारता आली नसती.

उपसलेल्या पिना ठेवायच्या डब्यात चौकशीच्या दिवशी पाच पिना होत्या. पाचवी त्यानं भांडारातून आणून ठेवली होती. खुर्चीचं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे कुणी दुसरं काही विचारलं नाही.

ही गोष्ट त्यानं पंचेचाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती, आणि ती पेलण्यासाठी त्यानं एक आधार धरून ठेवला होता. फोक्यॉननं पाच बोटं दाखवली होती. त्यानंही चूकच मोजलं होतं. म्हणजे निदान अर्धी चूक त्याची. मेलेल्या पोरावर अर्धी चूक ढकलण्याची त्याला लाज वाटायची, पण ती अर्धी परत घ्यायची तयारी मात्र कधी झाली नव्हती.

दरवर्षी समारंभात वाचायचं ते जुनंच पान त्यानं पुस्तकासाठी नीट उतरवून काढलं, "त्यानं उडी मारली नाही" या वाक्याखाली रेघ ओढली आणि पाव आणायला बाहेर पडला. बेकरीत थिमिओस गल्ल्यामागे उभा होता. अनेस्तिस दारात दिसताच त्यानं हात वर केला, हाताची मागची बाजू पुढे, चार बोटं उभी, अंगठा आत दुमडलेला. आणि तो हात तसाच ठेवून तो अनेस्तिसकडे पाहत राहिला.

"चार कसले रे? मी एकटा माणूस, मला दोन पुरतात."

"मी कुठे चार म्हटलं?" थिमिओस हसला. "नुसता हात केला, काका. आता तुम्हाला हातही करायचा नाही का?"

अनेस्तिसही हसला. पण दोन दिवसांनी चौकात बसचा ड्रायव्हर खिडकीतून हात दाखवून गेला तेव्हा त्याचाही अंगठा आत होता. रविवारी चर्चबाहेर पाद्रीबाबांनी त्याला ओळखून हात उंचावला आणि तो जरा जास्तच वेळ उंच धरला, उत्तराची वाट पाहावी तितका वेळ. शाळेच्या आवारात कवायत चालली होती. मास्तरांनी शिट्टी मारली आणि तीसएक लहान हात वर गेले, आणि अनेस्तिस कुंपणापाशी उभा राहून एकेक हात मोजत गेला, मोजता मोजता त्याच्या कपाळाला घाम आला, आणि तो मान खाली घालून घरी परतला. त्या दिवसापासून तो लोकांच्या हातांकडे पाहीनासा झाला. बोलताना तो समोरच्याच्या बुटांकडे पाहायचा, आणि लोकांना वाटलं, म्हातारा आता थकला.

नोव्हेंबर लागताच कॅप्टन रोदीनं त्याला कार्यालयात बोलावून घेतलं. जुन्या फोटोग्राफरच्या खोक्यात तिला एक फोटो सापडला होता आणि तिला भलताच आनंद झाला होता.

"त्याच सकाळचा आहे, काका! मागे तारीख आहे. शिडीवर तुम्ही, आत वर्दालास. पुस्तकात पूर्ण पान देऊ."

फोटोत सत्तावीस वर्षांचा अनेस्तिस शिडीवर होता, मुठीत फितींचा झुपका. खुर्चीतल्या फोक्यॉननं हात अनेस्तिसच्या चेहऱ्याजवळ आणला होता, मागची बाजू पुढे करून. चार बोटं. अंगठा दुमडलेला. त्यानं बरोबर मोजलं होतं. चार आहेत, असं तो सांगत होता. आणि शिडीवरचा अनेस्तिस त्याच्या हाताकडे पाहतच नव्हता. त्याचं तोंड हँगरवरच्या घड्याळाकडे होतं, आणि दुसऱ्या हातानं तो "ठीक" अशी खूण करत होता.

"इथं किती बोटं दिसतात तुला?" त्यानं विचारलं.

"चार," रोदी म्हणाली. "का? किती असायला हवीत?"

ती अर्धी चूकही आता अनेस्तिसचीच झाली. खुर्चीत बांधलेल्या पोरानं विचारलं होतं, आणि त्यानं न पाहता "ठीक आहे" म्हणून सांगितलं होतं, आणि पोरानं विश्वास ठेवला होता. अनेस्तिसला इतकी शरम वाटली की रोदीनं पुढे केलेलं पाणीही त्याला घेववेना. घरी जाऊन तो कपड्यांसकट पलंगावर बसून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकच माणूस येत राहिलं, मेल्पो.

मेल्पो ही फोक्यॉनची थोरली बहीण. बापाच्या वर्षाच्या प्रार्थनेला तो आला नाही म्हणून अपघाताच्या आदल्या आठवड्यात ती त्याला फोनवर नाही नाही ते बोलली होती. मेलास तरी चालेल, पण इथं येऊ नकोस, इथवर बोलली होती. दफनाच्या वेळी तिनं अनेस्तिसची बाही धरून विचारलं होतं, "त्याला शेवटचं तू पाहिलंस. त्याला जगायचंच नव्हतं का रे?" आणि अनेस्तिस "माहीत नाही, ताई" म्हणाला होता. गाव भावाला हार घालत राहिलं, आणि ती मात्र तो आपल्यामुळे आत बसून राहिला हे मनात घेऊन म्हातारी झाली. एका वाक्यात सुटका होती तिची. ते वाक्य त्याच्यापाशी होतं.

आठ तारखेला सकाळी, समारंभाला दोन तास असताना, तो तिच्या घरी गेला. दार उघडंच होतं. ती टेबलापाशी बसून मृतांच्या प्रार्थनेसाठीचा कोलिवा, उकडलेले गहू, परातीत पसरत होती आणि वरून डाळिंबाचे दाणे लावत होती.

"ये," ती म्हणाली. "कॉफी ठेवलीय."

तो बसला नाही. टोपी हातात धरून त्यानं सगळं सांगितलं, पिना, डबा, भांडार, फोटो, चार बोटं. "त्याला जगायचं होतं, ताई," तो म्हणाला. "त्याला उडी मारताच आली नसती. माझ्यामुळे. तू उगीच इतकी वर्षं..." आणि तो उभ्या उभ्या रडायला लागला.

मेल्पोनं एकेक करून पाच-सहा दाणे लावले. मग हात पुसून तिनं त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बस. थंड होते ती कॉफी."

"तू काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू? बोलून झालंय, अनेस्तिस. तुझी बायको गेली त्या वर्षापासून तू येतोस. हे नववं वर्ष. याच दिवशी, याच वेळी. असाच टोपी धरून उभा राहतोस."

तो खुर्चीवर टेकला.

"पहिल्या वर्षी मी तुला थोबाडीत मारली," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी शिव्या दिल्या. तिसऱ्या वर्षी माफ केलं. तेव्हा तू माझ्या हातांचे मुके घेतलेस. दरवर्षी मी तुला म्हणते, मला काय सांगतोस, मला कळलंय. तिथं सांग, माइकवर, सगळ्यांसमोर. माझ्या भावाला त्यांनी दगडाचा देव करून ठेवलंय. तो घाबरला असेल रे. त्यानं खुर्ची बाहेर उडवायची ती दांडी ओढ ओढ ओढली असेल. ते कुणीतरी म्हणायला हवं. दरवर्षी तू हो म्हणतोस आणि तिथं जाऊन तेच पान वाचतोस."

"नाही, ताई. हे मी आज पहिल्यांदा..."

"बरं," मेल्पो म्हणाली. "आज पहिल्यांदा. मग आज सांगशील?"

"सांगेन."

त्या क्षणी त्याला जितकी शरम वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती, डब्यात पाचवी पिन ठेवतानाही नाही. तळापर्यंतच्या रस्त्यावर तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत चालला. कोटाच्या खिशातलं ते पान त्यानं बाहेर काढलं, चुरगाळलं, पुन्हा सरळ केलं आणि म्हटलं, याच्या मागच्या कोऱ्या बाजूकडे पाहून बोलू. फाटकावर रोदीनं त्याला हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. धावपट्टीच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या, पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते, ऊन छान पडलं होतं. नावं पुकारली गेली. वर्दालास म्हणताच शे-दोनशे गळ्यांतून "हजर!" उमटलं, आणि अनेस्तिस उठून माइकपाशी गेला.

"चौकशी समितीला जे ठाऊक नव्हतं ते," त्यानं सुरुवात केली. मेल्पो पहिल्या रांगेच्या टोकाला, काळ्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून बसली होती. मग तिनं हात हळूच मांडीवरून उचलला. तिच्या शेजारच्यानंही उचलला. रांगेमागून रांगेत हात वर येत चालले, सगळ्यांची मागची बाजू त्याच्याकडे, आणि सगळे थांबले, त्याच्या उत्तरासाठी. अनेस्तिसनं त्या हातांकडे पाहिलं नाही. त्यानं हँगरवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच मिनिटं कमी होती. मग त्याची नजर हातातल्या कागदावर आली, तिथं त्याचंच वळणदार अक्षर होतं, आणि वाचायला ते फार सोपं होतं.

"खाली गाव होतं," त्यानं वाचलं. "त्यानं उडी मारली नाही."

आवाज मुळीच कापला नाही. टाळ्या बऱ्याच वेळ वाजत राहिल्या. कमांडरनं येऊन हात मिळवला, रोदीचे डोळे भरून आले होते, आणि दरवर्षीप्रमाणे याही वर्षी सगळं नीट पार पडल्यासारखं अनेस्तिसला हलकं हलकं वाटलं. फक्त एक गोष्ट छातीत कुठेतरी अडली होती, जी इतक्या वर्षांत त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. आता मात्र ती सांगायलाच हवी होती, आणि जिला सांगायची ती समोरच होती. परातीतला कोलिवा कागदी पुड्यांत भरून ती प्रत्येकाच्या हातावर ठेवत होती. तो रांगेत उभा राहिला. पाळी आली तेव्हा त्यानं टोपी काढली.

"मेल्पोताई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी घरी आहेस का? थोडं बोलायचं होतं. कधीपासून बोलायचं होतं."

मेल्पोनं त्याच्या हातावर पुडी ठेवली आणि त्याची बोटं तिच्याभोवती एकेक करून मिटली.

"आहे," ती म्हणाली. "ये."