दमटपणाची वरची मर्यादा

माझी थोरली बहीण पक्षी-संवर्धन केंद्रात अंडी उबवते आणि मी तिथलीच संगणकांची यंत्रणा सांभाळतो. मला टक्कल पडलं तरी तिच्या लेखी मी अजून छोट्याच. खुर्चीत बसून केंद्रातलं प्रत्येक यंत्र पडद्यावर बघणं याला ती काम मानत नाही, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते.

यंदा मात्र तिचं माझ्यावाचून अडलं. म्हाताऱ्या क्रौंच मादीनं एकच अंडं घातलं होतं आणि यापुढे ती घालणार नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. गेल्या वर्षी कुणीतरी उतावीळपणे अंडी उबवायच्या पेटीचं झाकण उघडलं, आतली हवा कोरडी पडली आणि पिल्लू कवचातच वाळून गेलं. ताई नंतर कितीतरी दिवस कुणाशी धड बोलत नव्हती. म्हणून या खेपेला झाकणाला कुणी हात लावायचा नाही, आतली खबर सेन्सरच देतील, असं ठरलं.

सेन्सर जोडायचं काम मी झटपट उरकलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा सेन्सर एखाद्या गटात टाकला की त्या गटाची सेटिंग्ज त्याला आपोआप लागतात. किती वेळानं मोजायचं, आकडा कितीच्या वर गेला की लाल व्हायचं, आणि लाल झाल्यावर काय करायचं, सगळं आयतं. पेटी आणि तिचा पंखा मी सरळ सर्व्हर रूमच्या गटात टाकला. फुकटची डोकेफोड कुणी सांगितलीय?

बरेच दिवस दमटपणाची रेघ शहाण्या मुलासारखी सरळ होती. मग एका सकाळी ती चढू लागली. मी वैतागून ताईला फोन केला आणि पेटीत पाणी सांडलंस का म्हणून विचारलं. "तू इकडे ये," म्हणून तिनं फोन ठेवला. मी लॅपटॉप काखोटीला मारून तिच्या खोलीत गेलो. पेटीची काच धुक्यानं पांढरी झाली होती आणि ताई समोर स्टुलावर बसली होती.

"पाणी नाही रे सांडलं," ती हळूच म्हणाली. "पिल्लानं कवच फोडलंय. त्याच्या अंगाची ओल आहे ती."

आयुष्यभर मी तारा, डबे आणि दिवे यांच्यावर नजर ठेवत आलो होतो. आणि या रेघेच्या टोकाला एक जीव होता, जगात येण्यासाठी धडपडणारा. ती रेघ तोच चढवत होता.

तेवढ्यात माझं लक्ष लॅपटॉपवर, रेघेच्या वरच्या लाल पट्टीकडे गेलं. ती मर्यादा सर्व्हर रूमची होती. यंत्रांना दमट हवा सोसत नाही, म्हणून आकडा तिथं पोचला की पंखा लावून हवा कोरडी करायची, हा माझाच नियम पेटीला लागला होता. आकडा पट्टीला जवळजवळ टेकला होता. गटाची सेटिंग्ज लागू ठेवण्याची खूण काढताना माझं बोट दोनदा घसरलं. पंख्याचा हुकूम पुसला, जुनी मर्यादा पुसली, सेव्ह केलं. रेघ पट्टीच्या जागेवरून वर निघून गेली. पंखा हलला नाही.

काय केलंस, म्हणून ताईनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं फक्त माझं मनगट घट्ट धरलं.

वरच्या मर्यादेचा चौकोन आता रिकामा होता. तिथं किती लिहू, असं मी विचारलं.

"काही नको लिहूस," ताई म्हणाली. "आज त्याचं त्याला ठरवू दे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी तो चौकोन कधी रिकामा सोडला नव्हता. तो तसाच ठेवून मी लॅपटॉप मिटला. आम्ही दोघं पांढऱ्या काचेसमोर बसून राहिलो आणि आतून, अगदी बारीक, पहिली चिवचिव ऐकू आली.