आधी खाली, मग बिडी

उमरग्याला हैदराबाद रस्त्यावर दुकानगाळ्यांची इमारत उभी राहत होती. लोखंडी खांब आणि बीम झाले होते. मजल्यासाठी काँक्रीटच्या तयार फळ्या ट्रेलरवरून यायच्या. एकेक फळी वीस फूट लांब, वजन दोन टन. पट्ट्यांत अडकवून क्रेननं ती उचलायची, दोन बीमवर दोन टोकं टेकवायची आणि टोकाशी काँक्रीटमध्ये पुरलेली लोखंडी पट्टी वेल्डिंगनं बीमला जोडायची. मग फटीत सिमेंटचा माल भरायचा.

गुडघे गेल्यापासून मला वर चढता येत नव्हतं. खालून नजर ठेवून वॉकीटॉकीवर क्रेनवाल्याला सांगायचं, एवढंच काम माझ्या हाती उरलं होतं. क्रेनवर शिवपुत्र होता, कर्नाटकातल्या आळंदकडचा. त्याला मराठी समजायचं, पण इंजिनच्या आवाजात कानडी लवकर पोचायचं. म्हणून मी धरायला ‘हिडी’ म्हणायचो आणि सोडायला ‘बिडू’. दोन दिवसांत हिडीच्या जोडीनं बिडूचं बिडीच झालं. आम्हा दोघांना त्यात काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी वेल्डिंगला तेरचा वैजनाथ आला. त्याला कानडीचं अक्षर येत नव्हतं, आणि मीही काही सांगितलं नाही.

त्या दिवशी एक फळी आखूड निघाली. बीमवर चार बोटं टेक हवी, ती एका टोकाला जेमतेम दोन बोटं पडत होती. इंजिनियर प्रतीक्षा म्हणाली, “क्रेननं अशीच धरून ठेवा. आधी बीमला खालून टेकूचा अँगल जोडा, फळी त्यावर बसवा, पट्टीला वेल्डिंग करा. मगच पट्टे सोडायचे.” ती अँगल आणायला गेली. खाली दोर बांधून जागा मोकळी ठेवली होती. मी ‘हिडी’ म्हणालो. फळी बीमच्या वर वीतभर थांबली. मधे ट्रेलर असल्यामुळे शिवपुत्राला तिथलं काही दिसत नव्हतं.

वैजनाथ शेजारच्या, आधीच जोडलेल्या फळीवर बसला होता. वरून ओरडला, “काका, बिडी हाय का?”

“आधी खाली, मग बिडी!” मी म्हणालो.

माझा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर होता.

क्रेनचा आवाज बदलला. फळी खाली आली, बीमला टेकली आणि पट्टे ढिले पडले. आखूड टोक सरकलं. वैजनाथनं खांबाला मिठी मारली. फळी खाली कोसळली आणि तिचे दोन तुकडे झाले. दोराच्या आत कुणी नव्हतं.

ठेकेदार गोरोबा भूमचा. तो पळत आला. “कुणी सोडाय सांगितलं रं?”

शिवपुत्र क्रेनवरून उतरला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. “ऐकण्यात चूक झाली असंल,” तो म्हणाला.

“कान काय आळंदला ठिवून आलास? माणूस मेला असता की! चावी दे. तुझ्या मालकाला फोन लावतो. ह्या भागात कुठं क्रेनवर बसून दाखीव मग.”

गोरोबाला कानडी येत नव्हतं, अँगल घेऊन परतलेल्या प्रतीक्षालाही नाही. वैजनाथला आपण बिडी मागितली एवढंच ठाऊक होतं. मी गप्प राहिलो असतो तर माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. काही वेळ मी गप्प राहिलोही. शिवपुत्रानं खिशातून चावी काढेपर्यंत.

“चावी राहू द्या,” मी म्हणालो. “त्यानं बरोबर ऐकलं. सोड म्हणून मीच बोललो.”

मग कुठला शब्द, त्याचा अर्थ काय आणि बटण कसं दाबलेलं राहिलं, ते सगळं सांगितलं. प्रतीक्षानं दोनदा विचारून लिहून घेतलं.

“आयला,” वैजनाथ म्हणाला, “म्हंजी बिडीपायी गेलो असतो की म्या.”



गोरोबा माझ्याकडे बघत राहिला. “एवढी वर्सं काढली तुमी. बटण दाबल्यालं कळंना व्हय?”

“न्हाय कळलं.”

“मग तुमी घरीच बसा आता. पोरंसोरं असत्यात खाली.”

प्रतीक्षानं हात पुढे केला. मी वॉकीटॉकी दिला. तिनं तो चालू करून शिवपुत्राला सांगितलं, “आजपासून धर आणि सोड. तिसरा शब्द नाही.”

“व्हय, मॅडम.” तो क्रेनकडे निघाला, मग परत माझ्याजवळ आला. हळूच कानडीत म्हणाला, “अण्णा, मी दुसरीकडं काम बघितलं असतं. तुम्ही कशाला बोललात?”

“तुला क्रेनवर कुणी बसू दिलं नसतं,” मी म्हणालो. “जा. ट्रेलर थांबलाय.”

तो गेला. मी हेल्मेट काढून सिमेंटच्या पोत्यावर ठेवलं आणि बसथांब्याकडे चालू लागलो.