दगडानं बोलायचं नाही

दोरा निळा होता, तिच्या शिवणाच्या डब्यातला, आणि गाठ तिनं मारली होती तशीच होती – दोन फेरे, आणि वर एक उगाचच... चहात बुडवून जुनाट केलेल्या कागदाची ती गुंडाळी टेबलावर पडली होती, आणि तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे वीस बाजूंचा फासा तळहातात घोळवत त्या गाठीकडे बघत बसला होता.

आडोसा त्याचा. फाशांवर चालणाऱ्या गोष्टीचा हा खेळ सांगणारा तो, म्हणून राक्षस, भुयारं, वादळं सगळं आडोशाच्या अलीकडे, पलीकडे खेळणारे. मेहुणी योद्धा, दिसेल त्याला तलवार हाणणारी. शेजारचा दातांचा डॉक्टर चोर. लेक पुजारीण. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीत जादूगारीण बसायची – त्याची बायको, गेल्या हिवाळ्यापर्यंत.

मागच्या रविवारी नागिणीनं लेकीच्या पुजारिणीकडे पाहिलं आणि तिचा दगड झाला. फासा त्यानंच टाकला होता, आडोशामागे, कुणाला न दिसता. आकड्याची एक थाप मारली असती तर सुटली असती पोर. जन्मभर दुसरं केलं काय? एकदा तर ऐन वेळी ड्रॅगनची दाढ दुखायला लावून त्यानं अख्खी टोळी वाचवली होती, आणि डॉक्टरनं ती दाढ फुकट उपटून दिली होती. पण अशा प्रत्येक थापेला खिडकीजवळून एक बारीक खोकला यायचा. तेवढाच. तिला कळायचं, आणि तिला कळलंय हे मला कळायचं... खोकणारंच कुणी नसेल तर थाप मारायची कुणासाठी? म्हणून खरा आकडा सांगितला. आणि पोटच्या पोरीचा दगड केला.

नियम सगळे त्याचेच. दगड झालेल्यानं बोलायचं नाही, म्हणून लेक आल्यापासून गप्प होती – तशी ती आई गेल्यापासून गप्पच होती, आता तिला नियमाचा आधार मिळाला, इतकंच. गुंडाळीतला मंत्र जादूगारानंच वाचायचा. योद्ध्यानं कितीही डोळे ताणले तरी त्याला नुसत्या रेघोट्या. मुरलेला चोर मात्र नशिबावर हवाला ठेवून वाचू शकतो, पण फाशानं मोठा आकडा देऊन साथ दिली तर. आणि मंत्र लागो न लागो, वाचलेली गुंडाळी संपली. ती फाडायची, खरोखर फाडायची, असं त्यानंच एकदा ऐटीत ठरवलं होतं. बायको हसायची आणि नवी लिहायला घ्यायची. किती फाडल्या... केराच्या टोपलीत तिचं अक्षर, आणि वर बटाट्याची सालं.

ही शेवटची. दगडाचं माणूस करणारी.

मेहुणीनं ती डब्यातून शोधून आणली तेव्हा त्यानं बरीच टाळाटाळ केली. म्हणाला, नागीण स्वप्नात आली होती असं समजू. नाहीतर नवी पुजारीण बनवू. नाहीतर निदान फाडायचं तेवढं सोडून देऊ. डॉक्टर चष्मा पुसत राहिला.

"भाऊजी, ताईनं मोडू दिला असता नियम?"

"नसता."

"मग? पोरगी अशीच राहू दे म्हणता?"

त्यानं गुंडाळी डॉक्टरकडे सरकवली. डॉक्टरनं गाठ सोडायला घेतली. दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस, पण दोऱ्याशी असा वागला की जणू दोऱ्यालाच दुखेल.

कागद उलगडला. तिचं तिरकं अक्षर, आणि शब्द तिनंच रचलेले, कुठल्याच भाषेत नसलेले. डॉक्टर वाचू लागला, सपाट आवाजात, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसा. ती हे गाऊन म्हणायची, शेवटच्या ओळीला आवाज मुद्दाम चिरकू द्यायची आणि मग स्वतःच हसायची... त्या ओळीपाशी डॉक्टर अडला. अक्षर लागेना.

आणि दगड बोलला.

आधी ओठांतल्या ओठांत, मग स्पष्ट. तीच ओळ, तोच हेल, शेवटी तोच चिरकणारा आवाज. लेकीनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. दगडानं बोलायचं नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पाठ होतं तिला. सगळं पाठ होतं, आणि मी कागदाला कवटाळून बसलो होतो...

"टाका फासा," मेहुणी हळूच म्हणाली. डॉक्टरच्या चिमटीत कागदाचं टोक होतं.

फासा पुठ्ठ्याला आपटून थांबला. आकडा कमी होता. चांगलाच कमी.

पलीकडे तिघंही वाट बघत होती. लेकीनं मान वर केली, किंचित तिरकी, आणि आडोशावरून थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं... कितीतरी दिवसांनी त्याच्या घशाशी काहीतरी वळवळत वर येऊ लागलं. हुंदका असेल असं त्याला वाटलं. नव्हता. थाप होती, ओळखीची, अजून शब्द न लाभलेली – आणि ती जिभेवर यायच्या आधीच तो त्या बारीक खोकल्यासाठी कान देऊन बसला होता, खिडकीकडे नव्हे, लेकीकडे...